आपलं कपाळ आपल्याला दिसत नाही

कंपनीच्या आत टिकली चालत नसे. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं, केसातल्या पिना बाहेर ठेवायच्या हे पहिल्या दिवसापासून होतंच, टिकलीचा नियम नंतर आला. आम्ही गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचो. एका मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्यामधून वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, टोकांना प्लॅस्टिकचे कनेक्टर बसवायचे. असाच एक कनेक्टर गिऱ्हाईक कंपनीत उघडला आणि आतून मरून रंगाची टिकली निघाली. मग काय, साहेब लोकांच्या बैठका, टिकलीचा मोठा करून छापलेला फोटो, त्या फोटोवर बाण. कुणाची टिकली म्हणून चौकशी झाली तर लाईनवरच्या अर्ध्याहून जास्त बायका मरूनच लावणाऱ्या. शेवटी सगळ्यांचीच बंद केली.

तेव्हापासून आमची बस चाकणच्या अलीकडे कंपन्यांच्या रस्त्याला वळली की आम्ही टिकल्या काढून समोरच्या सीटच्या पाठीवर चिकटवायचो. दुपारी परत येताना जिची तिने उचलून लावायची. ड्रायव्हरभाऊ कुरकुरायचे, दुसऱ्या कंपनीची माणसं विचारतात म्हणे, ही बस आहे की देवीचं देऊळ. आम्ही त्यांना सांगायचो, मग चप्पल काढून चढायला सांगा.

मी मूळची लातूरकडची. लग्नाआधी तलाठी भरतीसाठी दोन वर्षं घासली. भरती झाली नाही, लग्न झालं, नवऱ्याबरोबर चिखलीला आले. पण त्या अभ्यासात बुद्धिमत्ता चाचणीचा जो नाद लागला तो काही सुटला नाही. कोण कुणाच्या डावीकडे बसलं आहे, खरं बोलणारा कोण आणि खोटं बोलणारा कोण, असली कोडी वाचली की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. नवऱ्याला त्यात रस नाही. तो प्रेस शॉपमधून दमून येतो, त्याला कोडं घातलं तर तो उत्तर म्हणून कूस बदलतो. म्हणून मी ती बसमध्ये घालायची. बसमध्ये मला मास्तरीण म्हणत. कौतुकाने म्हणत की वैतागून, ते कोडं मी कधी सोडवलं नाही.

माझ्या शेजारी बसायची ती आमच्याच मागच्या गल्लीतली. तिचं माहेर चाकणजवळच्या एका गावातलं, आमची कंपनी उभी होती ती जमीन एकेकाळी त्याच गावाची. ‘हितं आमच्या चुलत्याचा भुईमूग असायचा,’ असं ती वायरींची टोकं दाबणाऱ्या क्रिंपिंग मशिनकडे बोट दाखवून सांगायची आणि ऐकणाऱ्याला हसू येईल म्हणून आधी स्वतःच हसायची. तिचा नवरा टेम्पो चालवायचा. अपघातात कमरेखालचं गेलं, तेव्हापासून तो खाटेवर आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर. तरी रोज सकाळी खिडकीच्या जागेवरून ती माझ्याशी भांडायची. मी आधी चढले तरी ढोपर मारून आत घुसायची. मला तिच्याशी भांडल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नसे.

एकदा परतीच्या वाटेवर मी टिकल्यांचं कोडं घातलं. मूळ पुस्तकात टोप्या होत्या, पण टोप्या कुठून आणणार? तिघींना डोळे मिटायला लावले. माझी शेजारीण, एक नांदेडकडची काकू आणि एक नुकतीच लग्न झालेली मुलगी. तिघींच्याही कपाळावर मी लाल टिकल्या लावल्या. म्हणाले, माझ्याकडे लाल होत्या आणि काळ्याही होत्या, कुणाला कोणती लावली ते सांगणार नाही. आता डोळे उघडा, दुसरीची बघा, काही बोलू नका. एवढंच सांगते की तिघींपैकी एकीच्या तरी कपाळावर लाल आहे. आपली कोणती हे जिला नक्की कळलं तिने हात वर करायचा.

कुणी केला नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा कुणी नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं तर तिघींनीही करायला हवा होता. नव्या नवरीने ड्रायव्हरच्या आरशात बघून केला, ते सोडा.

मग मी समजावून सांगितलं. तिघींपैकी प्रत्येकीने असा विचार करायचा, समजा माझी काळी आहे. तर दुसरीला एक काळी आणि एक लाल दिसते. ती विचार करेल की माझीही काळी असती, तर त्या लालवालीला दोन काळ्या दिसल्या असत्या आणि तिने पहिल्याच वेळी हात वर केला असता. तिने केला नाही, म्हणजे माझी लाल. असा विचार करून त्या दुसरीने दुसऱ्या वेळी हात वर केला असता. तिनेही केला नाही. म्हणजे माझी काळी नाहीच. बाकीच्या गप्प राहिल्या, त्यावरूनच आपल्या कपाळाचा रंग आपल्याला कळतो.

काकूंनी हात जोडले. पण माझी शेजारीण विचारात पडली होती. तिने विचारलं, ‘आमाला दोन लाल दिसतच हुत्या की. मंग एकीची तरी लाल हाय, ह्ये तू वरडून सांगितलंस त्यात नवं काय सांगितलंस?’

एवढा नेमका प्रश्न मला अभ्यासाच्या वर्गातही कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, तुला ठाऊक आहे, पण तुला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे का, आणि तिला ते ठाऊक आहे हे तिसरीला ठाऊक आहे का, हे कसं कळणार? सगळ्यांसमोर बोललं की मग कुणालाच माहीत नसल्यासारखं वागता येत नाही. ती म्हणाली, एवढ्या इचाराला डोकं लागतं, आन् डोकं तर गेटवर ठेवून आत जायचं असतंय. बस हसली. मीही हसले, कारण तेव्हा ते नुसतं कोडं होतं.

कंपनी परराज्यात जाणार अशी कुणकुण पावसाळ्यानंतर सुरू झाली. कुणी म्हणे तिकडे शेड बांधून तयार आहे. मग एक दिवस बाहेरची माणसं आली आणि मशिनींच्या पायथ्याचे बोल्ट मोजून गेली. लाईन लीडरला विचारलं तर त्याने मेंटेनन्स आहे असं सांगितलं आणि आमच्याकडे न बघता निघून गेला. आम्ही लाईनवर वीस-बावीस जणी. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. एकीने युनियनवाल्या एका माणसाचा नंबर मिळवला, दुसरीने कुठे कुठे भरती आहे ते विचारायला सुरुवात केली.

आणि मग एकेकीला केबिनमध्ये बोलावणं आलं. सेफ्टी शूजचं माप घ्यायचं आहे म्हणून. मला वाटलं, बंद पडणारी कंपनी नवे बूट कशाला देईल, म्हणजे अफवाच असेल. आत एचआरचे साहेब होते. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. बसा म्हणाले. आमच्यासारख्यांना त्या केबिनमध्ये बसा म्हणत नाहीत. चहा कागदी कपात नाही, बशीसकट आला. घरचं विचारलं, सासूच्या गुडघ्यांचं विचारलं. मग आवाज खाली आणून सांगितलं की लाईन जाणार हे खरं आहे, पण इथे एक छोटं युनिट राहणार आहे आणि मोजक्या बायकांना परमनंट करून ठेवणार आहेत, त्यात तुमचं नाव आहे. बाकीच्यांना कळलं तर त्यांना फार वाईट वाटेल, म्हणून कुणाला बोलू नका. शेजारी बसतात त्या ताईंना तर अजिबात नको. त्यांनी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघितलं, मीही बघितलं. ते शब्द दिल्यासारखंच झालं. बुटाचं माप कुणी घेतलं नाही.

मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? मी कामात चोख होते, रजा घेत नव्हते, माझं रिजेक्शन कमी होतं. माणसाला आपण का निवडले गेलो याची कारणं सापडायला वेळ लागत नाही. केबिनमधून बाहेर आले तेव्हा पाय हलके झाले होते. आणि मग शेजारणीला बघितलं, ती मान खाली घालून टेप गुंडाळत होती, आणि मला रडूच फुटायला लागलं. हिचं काय होणार? खाटेवरच्या नवऱ्याचं काय होणार? मी माझ्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिला दिला. तिने तो घेतला आणि माझ्या हातावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला.

त्या आठवड्यात आमची लाईन इतकी गुणी झाली की बघणाऱ्याला नवल वाटावं. टेपिंगच्या जागेखाली एक रबरी मॅट होती. तिच्यावर उभं राहिलं की टाचा दुखत नाहीत. त्या मॅटसाठी बायकांनी एकमेकींची आईबहीण काढलेली मी ऐकली आहे. आता त्या म्हणू लागल्या, तू घे गं, मी काय, मला सवय आहे. बाथरूमला जायचं म्हटलं की दोघी पुढे, तू जा, तुझी जागा मी बघते. लोणचं, चटणी, जे ते पुढे सरकवलं जात होतं. नंबर मिळवलेली तो नंबर विसरली, भरतीची चौकशी करणारी गप्प झाली. आणि हे सगळं नोकरी जाणार अशी कुणकुण असताना.

चार-पाच दिवसांनी नांदेडकडच्या काकूंनी मला मॅट दिली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझा टेपवरचा हात थांबला. ती नजर मला ओळखीची होती. मी स्वतः इतके दिवस सगळ्यांकडे तशीच बघत होते. दवाखान्यात दुसऱ्या खाटेवरल्या माणसाकडे बघतात तशी. काकू माझी कीव करत होत्या. मी मान वळवली. पलीकडची नवी नवरीही माझ्याकडे तशीच बघत होती, आणि काकूंकडेही तशीच.

जिला आपली नोकरी जाणार असं वाटतं ती मॅट सोडत नाही. ती भांडते, नाहीतर दुसरीकडे नोकरी शोधते, नाहीतर रडते. इथे कुणीच ते करत नव्हतं. सगळ्या जणी उदार झाल्या होत्या, आणि उदार कोण होतं, तर ज्याचं स्वतःचं नक्की झालंय तो. म्हणजे सगळ्यांनाच केबिनमध्ये चहा मिळाला होता. सगळ्यांनाच सांगितलं होतं की तुमचं नाव आहे. म्हणजे कुणाचंच नाव नव्हतं. मशिनी हलवल्या की काही महिने माल निघणार नाही, तोवर पुरेल एवढा माल त्यांना आमच्याकडून काढून घ्यायचा होता. त्यासाठी कुणी सोडून जाता कामा नये, कुणी ओरडता कामा नये, एवढाच त्या चहाचा अर्थ होता. माझ्या आयुष्यात मी सोडवलेलं ते सगळ्यात अवघड कोडं. सुटलं तेव्हा मी त्या मॅटवरच खाली बसले. लाईन लीडरने विचारलं तर चक्कर आली म्हणून सांगितलं.

त्याच दुपारी परतीच्या बसमध्ये मी शेजारणीला विचारलं, तुझ्या भावाने महाळुंग्याला तुझ्यासाठी शब्द टाकला होता त्याचं काय झालं. तिच्या भावाच्या ओळखीने तिथल्या एका कंपनीत तिला जागा मिळत होती. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं, नाहीतर ती दुसरीला जाणार होती. ती म्हणाली, त्याला न्हाई म्हणून सांगणार हाय, रविवारी. मी का म्हणून विचारलं नाही, मला ठाऊक होतं. मी साहेबांना दिलेला शब्द मोडला. मला केबिनमध्ये काय सांगितलं ते सगळं सांगितलं, आणि म्हणाले, तुलाही हेच सांगितलंय. सगळ्यांना हेच सांगितलंय. तू सोमवारी महाळुंग्याला जा.

तिचा चेहरा उतरला. तळवड्याचा चौक आला, गेला. मग म्हणाली, उद्या मी सायबांनाच इचारते. मी तिला नको म्हणाले. ती म्हणाली, तोंडावर इचारलं की माणूस खोटं बोलत न्हाई. ज्या गावात ती वाढली तिथे कदाचित ते खरं असेल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती केबिनमध्ये जाऊन आली. बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता कामाला लागली. दुपारी बसमध्ये मी तिच्या आधी चढले होते, खिडकीशी बसले होते आणि ढोपराची वाट बघत होते. ती आली. हळूच बाहेरच्या बाजूला बसली. मी उठून तिला आत जा म्हणाले, तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, तूच बस, तुला वारं लागंल.

तिथे मला सगळं कळलं. साहेबांनी तिला काय सांगितलं असेल ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. मी तिला विचारलं, ‘त्यांनी सांगितलं ना, की मला काढायचंय, म्हणून मी गडबड करू नये यासाठी मला तसं सांगितलं, आणि तुझं मात्र खरं आहे?’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘तू काळजी करू नगं. मी हाय.’

मला इतका राग आला की तिचा हात झटकावासा वाटला, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. आता मी तिला काहीही सांगितलं तरी ते काढून टाकल्या जाणाऱ्या बाईचं बोलणं होतं. मी म्हणाले असते की साहेब सगळ्यांना हेच सांगतील, तर तिने मान डोलावली असती आणि मनात म्हणाली असती, बिचारी. खोट्याच्या आत दुसरं खोटं बसवलेलं होतं आणि तिथे माझा हात पोचत नव्हता.

रविवार दोन दिवसांवर होता. मला एकच उपाय सुचला, तो तिच्याच प्रश्नातला. सगळ्यांसमोर बोलायचं. मी बसमध्ये उभी राहिले, दांड्याला धरून. म्हणाले, मला केबिनमध्ये सांगितलंय की माझं नाव आहे. तुमच्यापैकी आणखी कुणाला सांगितलंय त्यांनी हात वर करा. बसमध्ये अळीमिळी गुपचिळी. काकूंनी पदर सावरला. नव्या नवरीने मोबाईल काढला. मला वाटलं, देवासमोर शब्द दिलाय, तोंडाने मोडायला भीत असतील. म्हणून म्हणाले, बोलू नका. शब्द मोडू नका. ज्यांना सांगितलंय त्यांनी उद्या सकाळी फक्त टिकली काढायची नाही. टिकली लावूनच गेटमधून आत जायचं. सगळ्यांच्या कपाळावर टिकली दिसली की सगळ्यांना सगळं कळेल, मग काय करायचं ते मिळून ठरवू. कुणी हो म्हणालं नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. ड्रायव्हरभाऊंनी आरशातून माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

सकाळी बस वळली. मी कुणाकडे बघितलं नाही. समोरच्या सीटकडेही नाही. उतरले आणि गेटकडे चालायला लागले, तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. सगळ्या जणी एकमेकींच्या कपाळाकडे बघत होत्या. चोरून, झर्रकन, वरून खाली. आणि माझं सोडून सगळी कपाळं मोकळी होती. जिथे टिकली होती तिथे नुसता फिकट गोल. प्रत्येकीने ठरवलं होतं की आधी दुसरीचं बघू. मास्तरणीशिवाय आणखी एकीची दिसली तरी आपली परत लावू, हातातच तर आहे. नंतर एकीने मला सांगितलं, तिने ती बोटाच्या टोकावर धरून ठेवली होती.

मी कोड्यात शिकवलं होतं की बाकीच्यांच्या गप्प राहण्यावरून आपला रंग कळतो. त्या सगळ्या ते बरोबर शिकल्या होत्या. मास्तरीण सोडली तर एकीचीही टिकली नाही, म्हणजे यांच्यापैकी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे मला एकटीलाच सांगितलंय. म्हणजे ते खरंच आहे. जे खोटं आदल्या दिवसापर्यंत नुसतं साहेबांचं होतं, ते त्या फाटकापाशी आम्ही आमच्या आमच्यात पक्कं करून घेतलं. कोड्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती मी त्यांना सांगितली नव्हती, कारण मलाही कधी तिचं महत्त्व वाटलं नव्हतं. कोड्यातल्या माणसांना आपला रंग कोणता निघावा याची काही पडलेली नसते.

गेटवरच्या बाईने मला अडवलं, टिकली काढायला लावली आणि मेमो दिला. शेजारीण दोन पावलं मागे उभी होती. तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी इतकं दुःख होतं की मला तिच्याकडे बघवेना. रविवारी तिने भावाला नाही म्हणून सांगितलं. सोमवार आला, गेला. महाळुंग्याची जागा दुसऱ्या बाईला मिळाली. आम्ही पुढे कित्येक दिवस माल काढला. लाईनने त्या महिन्यात पूर्वी कधी काढला नव्हता एवढा माल काढला, आणि आम्हाला प्रत्येकीला एक मिठाईचा पुडा मिळाला. तो घरी नेताना मी रस्त्यात फेकून द्यायला थांबले होते, मग घरी सासूला आवडेल म्हणून नेला.

मग एका सकाळी बस आली नाही. चिखलीच्या स्टॉपवर आम्ही सात-आठ जणी डबे घेऊन उभ्या. नेहमीची वेळ गेली. कुणी ड्रायव्हरभाऊंना फोन लावत नव्हतं. प्रत्येकीला वाटत असणार की या बिचाऱ्यांचं संपलं, यांना कुणी कळवलं नाही, पण माझ्यासाठी काहीतरी येईल, छोटी गाडी येईल. शेवटी मीच फोन लावला. ते म्हणाले, ताई, माझं कॉन्ट्रॅक्ट काल संध्याकाळीच बंद झालं, तुम्हाला सांगितलं नाही का? मी फोन कानापासून काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तरी कुणी हललं नाही. मग काकू जमिनीकडे बघत म्हणाल्या, मला केबिनमध्ये सांगितलं होतं. नवी नवरी म्हणाली, मला पण. एकामागून एक सगळ्या बोलल्या, अगदी न विचारता, आणि आता ते बोलून कुणाचं काही वाचणार नव्हतं.

माझी शेजारीण बोलली नाही. तिने रिक्षा थांबवली आणि एकटीच चाकणकडे गेली. नंतर कळलं की गेटवरच्या बाईने तिला आत सोडलं नाही. साहेब तिथे नव्हतेच. त्यांनाही तिकडे मोठी जागा देणार म्हणून सांगितलं होतं आणि आदल्या आठवड्यात घरी बसवलं होतं, असं लाईन लीडर पुढे कधीतरी बोलला. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

काही महिन्यांनी मी तिच्या घरी गेले. मी तोपर्यंत निगडीला एका बंगल्यात स्वयंपाकाला जायला लागले होते. ती घरीच रबरी वायसरांची जास्तीची कड कापायचं काम करत होती. चिखलीतल्या छोट्या वर्कशॉपवाले पोत्यांनी माल आणून टाकतात, ती कड ब्लेडने कापून परत द्यायची. खोलीभर रबराचा वास. तिची बोटं काळी पडली होती. नवरा खाटेवर उताणा, छताकडे बघत. तिने मला बसायला पाट दिला आणि हात न थांबवता इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग मधेच म्हणाली, ‘तुला कधी सांगितलं न्हाई, वाईट वाटंल म्हणून. माजं नाव खरंच हुतं गं.’

मी पाटावर जरा पुढे सरकले.

‘तू गेटवर तसं केलंस, सायेब चिडले, मंग सगळ्यांचंच गेलं. न्हाईतर मी आज आत असते.’

ती रागाने बोलत नव्हती. घडलेलं सांगावं तसं सांगत होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. स्टॉपवर सगळ्या काय बोलल्या ते तूही ऐकलंस. छोटं युनिट कुठेच झालं नाही, त्या शेडमध्ये आता कुठल्याशा ऑनलाइन कंपनीचं गोदाम आहे, आत म्हणजे कुठे असतीस तू? तेवढ्यात खाटेवरून तिच्या नवऱ्याने माझ्याकडे मान वळवली. त्याला सगळं ठाऊक होतं, हे त्याच्या डोळ्यांत मला दिसलं. मला ठाऊक आहे हे त्यालाही दिसलं. त्याने मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली. आणि तिला ठाऊक नव्हतं असं तरी मी कशावरून म्हणू? माझ्या कोड्यात नेमका प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. पण तिला एकदा कुणीतरी बावीस जणींमधून निवडलं होतं, एवढंच तिच्याजवळ उरलं होतं, आणि ते मोठ्याने बोलायला ती मला घाबरत नव्हती, कारण मी तिला खोडून काढणार नाही याची तिला खात्री होती.

‘चुकलं माझं,’ मी म्हणाले.

तिने ब्लेड खाली ठेवलं, पदराने हात पुसला आणि माझ्या पाठीवरून फिरवला. जाऊ दे, म्हणाली, तुज्या मनात काय वाईट न्हवतं. तिने मला मनापासून माफ केलं, आणि त्यानंतर मी तिच्या घरी गेलेले नाही.